कौलांखालचा पीसी: मुंबईच्या उकाड्यात ओव्हरक्लॉकिंग कसं करावं

गिरगावातल्या आमच्या चाळीत माझा पीसी पोटमाळ्यावर आहे. खाली आई-बाबा झोपतात आणि वर फळ्यांच्या जमिनीवर माझं टेबल. त्याच्या वर थेट मंगलोरी कौलं. मे महिन्यात दुपारी चार वाजता तिथला थर्मामीटर ३७ अंश दाखवतो. मी ऑफिसातून येते, जेवते आणि रात्री अकराला गेम लावते, तेव्हाही तो ३३च्या खाली आलेला नसतो. जानेवारीत त्याच जागी, त्याच वेळी २४-२५ असतात. या आठ-नऊ अंशांच्या फरकाने मला ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे चिप ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, जितकं शिकवलं तितकं एकाही व्हिडिओने शिकवलं नाही.

झालं असं की एका जानेवारीत मी ग्राफिक कार्डाचा कोअर क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, १५० मेगाहर्ट्झने आणि मेमरी १०००ने वाढवली. तीन तास टेस्ट चालवली आणि सगळं व्यवस्थित चाललं. फेब्रुवारी, मार्चही निभावले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मात्र गेम ऐन मॅचमध्ये बंद पडायला लागला. स्क्रीन काळा व्हायचा, दोन सेकंदांनी डेस्कटॉप दिसायचा आणि ड्रायव्हर रिस्टार्ट झाल्याचा निरोप यायचा. कार्ड गेलं असं वाटून दोन रात्री झोप आली नाही. कार्डाला काहीही झालं नव्हतं. लावलेले आकडे जानेवारीचे होते, एवढीच चूक होती. चिप तापली की त्याच क्लॉकला तिला जास्त व्होल्टेज लागतं, आणि मी दिलेलं व्होल्टेज थंडीपुरतंच पुरत होतं.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. शेवटचे आकडे मे महिन्यात, नाहीतर ऑक्टोबरच्या उकाड्यात ठरवायचे. डिसेंबरात बसलात तर जे स्थिर वाटेल त्याच्या दोन पायऱ्या खाली थांबा.

खाली जे लिहिलंय ते माझ्या मशीनवर केलेलं आहे: रायझन ५ ५६००एक्स, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, आरटीएक्स ३०६० १२ जीबी आणि १४४ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर. तुमचं मशीन वेगळं असेल. आकडे बदलतील, क्रम तोच ठेवा.

घड्याळ वाढवायचं म्हणजे आता काय

१९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला होता. बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकी मशीनशी जोडणाऱ्या वाटेचा, वेग ६६वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० मेगाहर्ट्झचा तो प्रोसेसर ४५०वर पळायचा. तेव्हा कंपन्या चिपमध्ये इतकी जागा शिल्लक सोडायच्या. आता तसं राहिलेलं नाही. एएमडीचा प्रिसिजन बूस्ट आणि एनव्हिडियाचा जीपीयू बूस्ट ही शिल्लक स्वतःच वापरून टाकतात. तापमान, वीज आणि व्होल्टेज बघून क्लॉक क्षणाक्षणाला वर-खाली करतात. कार्ड थंड असलं तर वर चढतं, तापलं की सुमारे १५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली उतरतं.

म्हणून आज ओव्हरक्लॉकिंग करताना पहिला विचार उष्णतेचा करायचा. चिप जितकी कमी तापेल तितका वेळ ती वरच्या क्लॉकवर टिकेल. चिपला लागणारी वीज क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.०५ व्होल्टचे ०.९० केले तर तेवढ्याच क्लॉकला चिपचा वीजखर्च हिशेबाने चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त घटतो. आमच्यासारख्या तापलेल्या खोलीत याच्याएवढा फायदा दुसऱ्या कशात नाही. त्यामुळे मी आधी व्होल्टेज उतरवते आणि मग क्लॉक चढवते.

आधी मोजा

एका वहीत तारीख, वेळ आणि खोलीचं तापमान लिहा. मग तापमान वगैरे दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू करा आणि कार्डाचे आकडे बदलायच्या एमएसआय आफ्टरबर्नरसोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनरने गेमवर आकडे दिसतील असं करा. प्रोसेसरचं तापमान, कार्डाचं तापमान, दोघांचा वापर टक्क्यांत आणि फ्रेमला लागणारा वेळ मिलिसेकंदांत, एवढं पुरतं. आफ्टरबर्नर एमएसआयचा असला तरी इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतो.

सरासरी एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) बनतात त्यावर, विसंबू नका. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला दर ६.९ मिलिसेकंदांनी एक फ्रेम हवी असते, ६० हर्ट्झवाल्याला १६.७ मिलिसेकंदांनी. सरासरी २०० असली, पण मधूनच एखादी फ्रेम ३० मिलिसेकंद अडली, तर हाताला झटका जाणवतोच. तो झटका १ टक्का लो या आकड्यात दिसतो. हजार फ्रेममधल्या सगळ्यात हळू दहा फ्रेम घेतल्या तर गेम किती पळाला, असा तो साधारण हिशेब आहे. माझ्या वहीत पहिली नोंद अशी आहे: काउंटर-स्ट्राइक २, ठरलेला नकाशा, बॉट लावून दहा मिनिटं, सरासरी २११, १ टक्का लो ८८. मला ते ८८ वर आणायचे होते. सरासरी वाढली काय, नाही काय, माझा मॉनिटर १४४च दाखवतो.

पुढचा प्रश्न म्हणजे अडतंय कुठे. कार्डाचा वापर ९७-९९ टक्के असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ६०-७० टक्क्यांवर आरामात असूनही गेम अटकत असेल तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय, आणि तिथे कार्ड ओव्हरक्लॉक करून एक फ्रेमही वाढणार नाही. नवीन जागी पहिल्यांदा गेलं की झटका आणि दुसऱ्यांदा नाही, असं होत असेल तर गेम तेव्हाच्या तेव्हा शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार करतोय. गेम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवा. या दोन्हींवर ओव्हरक्लॉकिंगचा इलाज नाही, त्यासाठी रात्र जाळू नका.

धूळ, पेस्ट, हवा

चाळीच्या दोन्ही बाजूंना टॉवरची कामं चालू आहेत. सिमेंटची बारीक धूळ गॅलरीतून आत येते आणि त्यात घरातल्या उदबत्तीचा, गणपतीतल्या धुपाचा चिकट थर बसतो. पंख्याच्या पात्यांवर हा थर बसला की नुसत्या फुंकरीने निघत नाही. मी दोन महिन्यांतून एकदा मशीन बंद करून, वायर काढून गॅलरीत नेते, मऊ ब्रश मारते आणि मग छोटा ब्लोअर. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. चौपाटी जवळ आहे, हवा खारी आहे. कार्डाच्या मागच्या पत्रीवर गंजाचे ठिपके दिसले तर घाबरू नका, पण स्लॉटचे आणि रॅमचे सोनेरी दात मात्र कोरडे, स्वच्छ ठेवा.

प्रोसेसरसोबत आलेला रेथ स्टेल्थ कूलर साध्या वापराला ठीक आहे. माझ्याकडे मे महिन्यात गेममध्ये प्रोसेसर ८८ अंशांपर्यंत जायचा आणि आवाज इतका की खालून आईची हाक यायची. ५६००एक्सची मर्यादा ९५ आहे, म्हणजे जळत काही नव्हतं, पण क्लॉक सतत पडायचा. लॅमिंग्टन रोडवर जाऊन १२० मिलिमीटर पंख्याचा, चार हीटपाइपचा टॉवर कूलर आणला. पाट्यांवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण दुकानदारही लॅमिंग्टनच म्हणतो. गिरगावातून पायी जाता येतं. जाताना कॅबिनेटची रुंदी मोजून न्या. १५५-१६० मिलिमीटर उंचीचा कूलर अरुंद कॅबिनेटमध्ये बसत नाही आणि मग काचेचं झाकण बाजूला ठेवावं लागतं. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी लावा आणि कूलरचे स्क्रू तिरपे, एकाआड एक, थोडेथोडे आवळा. त्याच गेममध्ये त्याच महिन्यात तापमान ८८वरून ७१वर आलं.

कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर जागा सोडा. पोटमाळ्यावर मी टेबलफॅन कॅबिनेटच्या पुढच्या जाळीकडे तोंड करून ठेवते आणि कौलांखालची झडप उघडी ठेवते, गरम हवा तिथून वर निघते. पाण्याची फवारणी करणारा कूलर मात्र इथे लावू नका. दमट हवेत तो थंडावा देत नाही, नुसती ओल वाढवतो.

वीज, आणि इथे माझं ऐका

पुढे जाण्याआधी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बघा. मी पहिलं मशीन जुळवलं तेव्हा एका दुकानातून कॅबिनेटसोबतच एसएमपीएस मिळाला होता. डब्यावर मोठ्या अक्षरात ५०० लिहिलं होतं, आत तेवढी ताकद नव्हती. कार्ड जोरात चाललं की मशीन फट्कन बंद व्हायचं आणि मी तीन आठवडे बायोसमधले, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमधले, आकडे दोषी धरत बसले. आता ८० प्लस ब्राँझचा ५५० वॉटचा आहे आणि ती तक्रार गेली. आकडे बदलूनही मशीन एकदम अंधार होऊन बंद पडत असेल, निळा स्क्रीन वगैरे काही न दाखवता, तर आधी एसएमपीएसवर संशय घ्या.

जुन्या चाळींमध्ये अर्थिंग पाहिलंच पाहिजे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर वायरमनला बोलवा आणि तोपर्यंत ओव्हरक्लॉकिंग बाजूला ठेवा. आमच्याकडे तीन पिनांचं सॉकेट होतं, पण तिसऱ्या पिनेला मागे वायरच जोडलेली नव्हती.

रॅम: सगळ्यात स्वस्त फायदा

रॅमच्या पाकिटावर ३२०० छापलं असलं तरी नव्या मशीनमध्ये ती त्या वेगाने चालत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी, किंवा काही बोर्डांवर डीओसीपी, हे रॅमचं तयार सेटिंग चालू करेपर्यंत ती २१३३, २४०० नाहीतर २६६६वर रेंगाळते. माझी आठ महिने २१३३वर होती. तुमची पाहायची असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, तिथे वेग लिहिलेला असतो.

दुसरं, एकच १६ जीबीची काडी असेल तर ड्युअल चॅनल, म्हणजे डेटाला एकदम दोन वाटा, मिळत नाही. दोन काड्या घ्या आणि चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. एक्सएमपी आणि योग्य स्लॉट, एवढ्या दोन गोष्टींनी माझा १ टक्का लो ८८वरून १०९वर गेला, तोही एक रुपया खर्च न करता.

एक्सएमपीत डीडीआर४चं व्होल्टेज १.२ऐवजी १.३५ होतं, ते ठरलेलंच आहे. त्याच्या पुढे जायचं असेल तर रायझन ५०००मध्ये ३६०० ही चांगली सीमा आहे. तिथे प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा, इन्फिनिटी फॅब्रिकचा, वेग १८०० राहतो आणि रॅमशी एकास एक जुळतो. ही जोडी तुटली की रॅमचा आकडा मोठा दिसतो, पण प्रोसेसरला उत्तर उशिरा मिळतं आणि गेम उलटा मंदावतो. मी ३६०० लावून, टायमिंग (उत्तराला लागणारे क्लॉकचे ठोके) १६वरून १८ करून, १.३८ व्होल्ट दिले. जानेवारीत रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर स्वच्छ गेला. मे महिन्यात तीच परीक्षा पहाटे तीन वाजता एक चूक दाखवून गेली. मी ३४६६वर उतरले.

एकच चूक होती, मग काय बिघडतं, असं रॅमच्या बाबतीत कधीही म्हणू नका. कार्ड चुकलं तर गेम बंद पडतो. रॅम चुकली तर चुकीचा डेटा डिस्कवर लिहिला जातो. बाबांच्या पेन्शनची कागदपत्रं माझ्याच मशीनवर आहेत. मेमटेस्ट पेनड्राइव्हवरून चालवा, चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या, शून्याशिवाय दुसरा आकडा मान्य करू नका.

रायझन ७००० किंवा त्यापुढचं मशीन असेल तर आधी बायोस नवा करा. २०२३ मध्ये ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटना घडल्या. रॅमचं प्रोफाइल चालू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज, फार चढवत होते. त्यानंतर एएमडीने ते १.३ व्होल्टवर रोखलं. बायोस चढवताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून ते काम यूपीएस असताना करा.

ग्राफिक कार्ड

इथे वेळ द्या. उकाड्यातला खरा फरक इथेच पडतो.

हेवन किंवा सुपरपोझिशन बेंचमार्क, म्हणजे कार्डाला ताण देऊन स्कोअर सांगणारं सॉफ्टवेअर, चालू ठेवा, वीस मिनिटं कार्ड तापू द्या आणि काही न बदलता क्लॉक, व्होल्टेज, तापमान आणि वॉट लिहून घ्या. मे महिन्यात माझ्या ३०६०चे आकडे होते: १८७५ मेगाहर्ट्झ, सुमारे १.०५ व्होल्ट, ७८ अंश, १६८ वॉट. या कार्डाची मर्यादा १७० वॉटची आहे, म्हणजे ते छताला टेकलेलं होतं.

आता आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा. एक आलेख उघडतो, आडवं व्होल्टेज आणि उभा क्लॉक. आधी मुख्य खिडकीत कोअर क्लॉकची पट्टी २५०ने खाली ओढा, म्हणजे पूर्ण रेषा खाली बसेल. मग आलेखावर ९०० मिलिव्होल्टचा ठिपका पकडून १८९०पर्यंत वर न्या आणि अप्लाय करा. त्या ठिपक्याच्या उजवीकडची रेषा सपाट होते. याचा अर्थ कार्डाला सांगितलं की १८९०वर पळ, पण ९०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त मागू नकोस.

अर्धा तास बेंचमार्क आणि मग तुमचा सगळ्यात जड गेम. मी सायबरपंक २०७७ लावते, कारण बेंचमार्कमध्ये टिकलेले आकडे तिथे रे ट्रेसिंग (प्रकाशाचा जड हिशेब) चालू केल्यावर पडतात. बंद पडलं तर क्लॉक १५ने उतरवा, किंवा एक-दोन ठिपके उजवीकडचं व्होल्टेज घ्या. माझं १८९० मे महिन्यात टिकलं नाही, १८७५ टिकलं. म्हणजे क्लॉक पूर्वीइतकाच, पण वीज १६८वरून १३२ वॉट आणि तापमान ७८वरून ६८. हिशेबाइतकी वीज उतरली नाही, कारण कार्डावरची मेमरी आणि पंखे आपला वाटा खातच राहतात. पूर्वी क्लॉक १८३० ते १८७५ असा हेलकावत होता, आता तो एका जागी उभा असतो. फ्रेमच्या वेळेची रेषाही त्यामुळे सरळ झाली. पंखाही हळू फिरतो आणि खाली बाबांना घोरता येतं.

त्यानंतर मेमरी. ३०६०ला आफ्टरबर्नरमध्ये ती सुमारे ७५०० दिसते. २००-२००ने वाढवा आणि प्रत्येक पायरीला बेंचमार्कचा स्कोअर लिहा. मेमरीत फसायची जागा अशी की ती लगेच कोसळत नाही. आधी स्कोअर वाढायचा थांबतो, मग स्क्रीनवर काहीही वेडंवाकडं न दिसता तो घटायला लागतो. माझा स्कोअर ८००पर्यंत वाढला आणि १०००ला खाली आला. जानेवारीत मी १००० ठेवून खूश होते, कारण तेव्हा स्कोअर पाहिलाच नव्हता, फक्त गेम चालतोय एवढंच पाहिलं. आता ६०० ठेवलंय.

विंडोज सुरू होताच आकडे आपोआप लागावेत अशी खूण आफ्टरबर्नरमध्ये लगेच करू नका. आठवडाभर हाताने लावा. काही चुकलं तर रिस्टार्ट केल्यावर कार्ड मूळ अवस्थेत येतं, ही तुमची सुटका आहे. रेडिऑन कार्ड असेल तर हेच काम एएमडीच्या अॅड्रेनालिन सॉफ्टवेअरमधल्या ट्यूनिंगमध्ये होतं. तिथे व्होल्टेजची पट्टी थोडीथोडी खाली आणायची, परीक्षा हीच.

प्रोसेसर

सगळ्या कोअरना, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांना, एकच ठरलेला क्लॉक द्यायची जुनी पद्धत ५६००एक्सवर करू नका. सगळे कोअर ४.५ गिगाहर्ट्झला बांधले तर व्हिडिओ एन्कोड जरा लवकर होईल, पण गेमला एक-दोन कोअर वेगाने पळायला हवे असतात आणि ते मुळातच ४.६पर्यंत जातात. बांधून आपण त्यांना अडवतो.

त्याऐवजी बायोसमध्ये एएमडी ओव्हरक्लॉकिंग, तिथे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, त्यात अॅडव्हान्स्ड आणि शेवटी कर्व्ह ऑप्टिमायझर. चिन्ह निगेटिव्ह ठेवा. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी, आणि उणे ३०पर्यंत जाता येतं. सगळ्या कोअरना उणे १० देऊन सुरुवात करा, मग ५-५ने पुढे. एएमडीच्या रायझन मास्टर सॉफ्टवेअरमध्ये ज्या दोन कोअरवर खूण दिसते ते सगळ्यात चांगले असतात. कारखान्यातूनच त्यांना कमी व्होल्टेज मिळालेलं असतं, म्हणून त्यांना उणे कमी सोसतं. माझे चार कोअर उणे २०वर आहेत आणि खूण असलेले दोन उणे ८वर. वीजमर्यादा, म्हणजे पीपीटी, मी मूळची ७६ वॉटच ठेवली. पोटमाळ्यावर ती वाढवण्यात अर्थ नाही.

याची परीक्षा उलटी असते. सिनेबेंच हा प्रोसेसरचा बेंचमार्क दहा मिनिटं चालला म्हणजे पास, असं नाही. सगळे कोअर जोरात असताना क्लॉक कमी असतो, तिथे हे आकडे सहज टिकतात. ते पडतात मशीन जवळजवळ रिकामं असताना, जेव्हा एखादा कोअर क्षणभर सगळ्यात वर उडी मारतो. माझं मशीन गेममध्ये कधीच पडलं नाही, रविवारी दुपारी जीएसटीची एक्सेल शीट उघडली असताना रिस्टार्ट झालं. कोअरसायकलर नावाचं छोटं साधन एकेका कोअरला आळीपाळीने तपासतं. ते रात्रभर लावून ठेवा. सकाळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए लॉगरची, म्हणजे हार्डवेअर चुकल्याची, नोंद दिसली तर ज्या कोअरचं नाव असेल त्याला दोन-तीन पायऱ्या वर आणा. मशीन नुसतं चालू राहिलं, पण ही नोंद आली, तरी तो नापासच.

सेटिंग चुकून स्क्रीनच आला नाही तर वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबा, बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी काढून पाच मिनिटांनी लावा. बायोस मूळ पदावर येतो. पहिल्यांदा मला हे माहीत नव्हतं आणि मी टॅक्सीत मशीन घालून दुकानात नेलं होतं.

इंटेलवाल्यांसाठी थोडक्यात. नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड असेल तरच क्लॉक वाढवता येतो. बी६६० बोर्डवर रॅमचा वेग वाढवता येतो. एएमडीत ए३२० आणि ए५२० बोर्डांवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, आणि ५८००एक्स३डीचा गुणक (क्लॉक ठरवणारा आकडा) कुठल्याच बोर्डावर हलत नाही. तेराव्या-चौदाव्या पिढीचा इंटेल डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर क्लॉकला हात लावण्याआधी बायोस नवा करा. जास्त व्होल्टेजमुळे यांतले काही प्रोसेसर अस्थिर होतात हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टपासून दुरुस्त मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेली चिप मात्र बायोसने बरी होत नाही.

आणि वॉरंटी. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही. म्हणून मी व्होल्टेज वाढवून क्लॉक मिळवायच्या मागे जात नाही. रॅमचे ते १.३८ हा एकच अपवाद होता, आणि ३४६६वर येताना मी तोही १.३५वर आणला.

शेवटची बांधणी

हे सगळं झाल्यावर रिव्हाट्यूनरमध्ये फ्रेमची मर्यादा लावा. मॉनिटर १४४चा आणि फ्रीसिंक किंवा जीसिंकचा (कार्डाच्या फ्रेमशी आपला वेग जुळवणारा) असेल तर १४०. मॉनिटर दाखवूच शकत नाही त्या फ्रेम बनवण्यात कार्ड तापवायचं नाही. काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये, जिथे माऊसचा प्रतिसाद जपायचा असतो, तिथे मी मर्यादा काढते. बाकी सगळीकडे ती असते.

मे महिन्यात, खोली ३३ अंशांवर असताना, त्याच नकाशावर, तेवढेच बॉट लावून घेतलेली वहीतली नोंद: सरासरी २३६, १ टक्का लो १२३. प्रोसेसर ६८ अंश, कार्ड ६४.

गेल्या रविवारी शेजारच्या बिऱ्हाडातला बारावीचा मुलगा त्याचं मशीन घेऊन वर आला. "ताई, कार्ड ओव्हरक्लॉक करून दे," म्हणाला. त्याचा गेम अटकत होता तेव्हा कार्डाचा वापर ५५ टक्के होता. रॅमची एकच काडी, २४००वर. दुसरी काडी आणायला आम्ही दोघं संध्याकाळी लॅमिंग्टनला गेलो, येऊन एक्सएमपी लावलं आणि मेमटेस्ट लावून तो खाली जेवायला गेला. सकाळी सात वाजता शाळेच्या आधी दार वाजवून त्याने पहिला प्रश्न विचारला तो चुकांचा. शून्य होत्या. कार्डाचं काम बाकी आहे. आत्ता डिसेंबर आहे, ते मी त्याला मे महिन्यात करून देणार आहे.